बिशानचा रानरेडा

सिंगापुरात काय वाटेल ते मिळतं, रानरेडा तेवढा मिळत नाही. आणि तरीही रानरेड्यापासून चोवीस तास सावध असणारे एक गृहस्थ या बेटावर राहतात. आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये, माझ्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये त्यांचा मुक्काम असतो आणि मी त्यांना काका म्हणतो. तसे ते नात्याने माझे कोणीही लागत नाहीत. तरुणपणी ते आफ्रिकेत, टांझानियात, एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होते. त्या व्यापाऱ्याचा शिकारीचाही धंदा होता. रीतसर परवाने काढून परदेशी पाहुण्यांना जंगलात न्यायचं आणि हत्ती, सिंह, रेडे अशा मोठ्या जनावरांची शिकार करू द्यायची. एका वर्षी तळावर कोठी सांभाळणारा माणूस आजारी पडला आणि कांदे-बटाटे, कंदील आणि पाण्याचे कॅन यांवर देखरेख करायला काकांची तिकडे रवानगी झाली. पाऊस सुरू होऊन तळ उठेपर्यंत, म्हणजे जेमतेम एक मोसम, ते तिथे होते. पुढे ते सिंगापुरात आले, जहाजाच्या कंपनीत नोकरी केली, इथले नागरिक झाले, निवृत्त झाले. पण त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. आयुष्य म्हणजे तो मोसम, बाकी सगळी पुरवणी. "एका मोसमासाठी गेले होते," काकू म्हणायच्या, "ते अजून परत आलेले नाहीत."

काकांनी स्वतः एकही गोळी झाडलेली नाही, आणि हे ते लपवत तर नाहीतच, उलट छाती पुढे काढून सांगतात. "गोळी काय, कोणीही झाडतो. चाप दाबला की झालं. शिकार म्हणजे त्याच्या आधीचं सगळं." माणूस पक्का शाकाहारी. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर स्टुलावर चढून काकूंना हाक मारणार. पण शिकारीची शिस्त अशी की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. त्या शिस्तीचा पहिला बळी मीच. दोन हजार बाराच्या सुमाराला मी पुण्याहून इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत आलो, तेव्हा लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात एकदा ज्वारीचं पीठ घ्यायला हात पुढे केला, तर रॅकच्या पलीकडून आवाज आला, "या! कोणत्या गावचे?" काका तिथे तासभर उभे होते. त्यांचं म्हणणं असं, की जनावराच्या मागे धावणारा मूर्ख. शहाण्याने पाणवठा गाठावा आणि स्वस्थ बसावं. सिंगापुरातल्या मराठी माणसाचा पाणवठा म्हणजे ज्वारीचं पीठ आणि साबुदाणा. हा शोध त्यांनी स्वतः लावला होता आणि त्याच्या जोरावर त्यांनी अर्धा डझन कुटुंबं जोडली होती. मी भाड्याचं घर शोधतोय म्हटल्यावर त्यांनी मला थेट आपल्या डोक्यावरच आणून बसवलं.

डोक्यावर बसवल्याचा पश्चात्ताप त्यांना लौकरच झाला असावा. मी अंगाने भरलेला आहे आणि माझं पाऊल वाजतं, हे बायको लग्नापासून सांगत होती. काकांनी त्याला शास्त्राचा आधार दिला. "तुझ्या चालीत रेडा आहे," ते कौतुकाने म्हणाले. "सकाळी उठून तू मोरीकडे जातोस ना, मी हिला सांगतो, निघाला बघ रेडा पाण्यावर." त्यांना खालून माझा सगळा दिनक्रम कळायचा. नुसता कानांनीच नाही, जमिनीवरूनही. लिफ्टमधल्या ओल्या बुटांच्या ठशांवरून कोण किती वाजता आलं, छत्री होती की नव्हती, हे ते सांगायचे. माझी लेक एकदा ट्यूशन बुडवून घरी आली होती. काकांनी आमच्या दाराबाहेरच्या सँडलकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाले, "ही सँडल वाळलेली आहे. पाऊस पाच वाजता आला. म्हणजे पोरगी पाचच्या आधीपासून घरात आहे." आतून लेक ओरडली, "अंकल, व्हाय यू लाइक दॅट लाह!" त्यानंतर तिने सँडल घरात काढायला सुरुवात केली, त्यावर काका म्हणाले, जनावर हुशार होत चाललंय.

पण सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे वारा. जनावराला माणूस दिसण्याच्या आधी त्याचा वास येतो, म्हणून शिकाऱ्याने नेहमी समोरून वारा येईल असं चालायचं. आणि वारा बघायला जवळ राखेची पुरचुंडी ठेवायची, हलवली की राख कुठे उडते ते दिसतं. काकांच्या खिशात कायम एक पुरचुंडी असे. राख काकूंच्या देवघरातल्या उदबत्त्यांची. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, शिरल्यावर आम्ही रिकामं टेबल बघायचो, काका राख हलवायचे, कारण मासे तळणाऱ्याच्या गाड्याचा वास आपल्याकडे येता कामा नये. टेबल ठरलं की इथल्या रिवाजाप्रमाणे त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवून ते अडवायचं. या रिवाजावर काका फिदा होते. "सिंहसुद्धा हेच करतो," ते म्हणायचे, "फक्त पाकिटाने नाही." टेबलं पुसणारी चिनी आंटी त्यांच्या राखेमुळे त्यांच्यावर जाम खार खाऊन असायची. ती फडकं घेऊन येताना दिसली की काका वाऱ्याच्या उलट बाजूने सटकायचे, आणि शिव्या आम्ही खायचो.

त्यांची मुख्य गोष्ट मात्र रेड्याची. ती गणपतीत, कोजागिरीला, कोणाला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्याच्या पार्टीला, एकदा तर एका बारशाला मी ऐकली आहे. एका पाहुण्याची गोळी रेड्याच्या पोटात लागली आणि रेडा उंच गवतात शिरला. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही हा तळाचा नियम, म्हणून माग काढणारे रक्ताचे थेंब बघत पुढे निघाले आणि काका पाण्याचे कॅन घेऊन सर्वांत मागे. इथे काका थांबायचे आणि श्रोत्यांकडे बघायचे. "आता सांगा, रेडा कुठे होता?" कोणी म्हणे झाडीत, कोणी म्हणे नदीवर. "मागे!" काका गरजायचे. "जखमी रेडा सरळ पळत नाही. वळसा घालतो, आपल्याच वाटेवर परत येतो आणि माग काढणाऱ्याच्या मागून येतो!" काका कॅन टाकून काटेरी झाडावर चढले ते रेडा पडला तरी उतरले नाहीत. मग तात्पर्य यायचं: ज्याला तुम्ही शोधताय तो पुढेच आहे असं धरून चालू नका. स्वयंपाकघरात काकू भजी तळत असायच्या आणि काकांच्या शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलायचे. आम्हाला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोला. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर "मागे" हा शब्द येण्याआधीच लोक ताटल्या उचलायला लागायचे.

अशी चार-पाच वर्षं मजेत गेली आणि मग काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग गॅस, मग एकदा बाजूच्या ब्लॉकमध्ये जाऊन त्यांनी कोणा दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावली. आमचे ब्लॉक दिसायला इतके सारखे आहेत की मीही चुकतो, पण काकू अर्धा तास तिथे उभ्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि एकटं सोडू नका म्हणून बजावलं. आता काकूंचा वर्षानुवर्षांचा नेम असा, की दर शनिवारी एकटीने एमआरटीच्या मेट्रोने लिटिल इंडियात जायचं, देवाला फुलं आणि स्वतःला गजरा घ्यायचा आणि परत यायचं. काका बरोबर येतो म्हणाले तर त्या भडकल्या. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुम्ही येणार असाल तर मी जातच नाही." आणि खरोखरच दोन शनिवार त्या खोलीचं दार लावून बसून राहिल्या. जेवल्यासुद्धा नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी खाली उतरलो तर काका ब्लॉकच्या तळाशी एका खांबाआड उभे, हातात राखेची पुरचुंडी. मला वाटलं म्हातारा आता पार कामातून गेला. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "ती पुढे आहे," ते कुजबुजले. "जाऊ दे तिला. मी अंतर ठेवून मागे असतो. तिला कळता कामा नये, कळलं तर ती बाहेर पडायची कायमची बंद होईल. आणि मी नजर हटवली तर ती हरवेल." काकू छत्री हलवत, अगदी मानाने, स्टेशनकडे चालल्या होत्या. जन्मभर चेष्टेचा विषय झालेली ती सगळी विद्या, वारा, अंतर, आडोसा, काकांनी बाहेर काढली होती. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी आपल्या पावलांचा आवाज न करता परत लिफ्टपर्यंत गेलो.

पुढे काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मीही शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. काकू पुढच्या डब्यात, आम्ही मागच्या. सेरांगून स्टेशनला गाडी बदलायची, तिथे काकांचा जीव नुसता टांगणीला लागायचा; पण काकूंची पावलं बरोबर वळायची. "बघ, पाय विसरत नाहीत," काका म्हणायचे. मला मात्र ते सारखे दटावायचे. "हळू चाल. रेड्यासारखा येऊ नकोस."

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. लिटिल इंडियातल्या सेरांगून रोडवर कमानी, दिवे, आणि माणसांची ही गर्दी. काकू फुलवाल्याकडे उभ्या होत्या, मध्ये एक घोळका आला, गेला, आणि काकू तिथे नव्हत्या. काका फुलवाल्याकडे धावले. त्याने फक्त हात पसरले. मी म्हणालो, "काका, पोलिसांना सांगू या, स्टेशनवर सांगू या." ते म्हणाले, "थांब. शिकाऱ्याने घाबरायचं नाही." पण त्यांनी घाईघाईने पुरचुंडी काढली तर ती निसटून फुटपाथवर पडून फुटली. त्यांनी खाली वाकून त्या हजार पावलांच्या फरशीकडे पाहिलं. तिथे कुठला आलाय माग. "मीच सोडलं तिला एकटं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात त्यांच्या पाठीत छत्रीचं टोक बसलं. "काय शोधताय?"

मागे काकू. केसांत गजरा, हातात फुलांची पुडी. "पुढे काय बघता? जखमी रेडा सरळ पळत नाही. वळसा घालतो, आणि माग काढणाऱ्याच्या मागून येतो," त्या एका दमात म्हणाल्या. "एवढं सांगता जगाला!"

काका गर्रकन वळले. "तुला... तुला माहीत होतं, मी मागे असतो?"

"पहिल्या दिवसापासून. राख उडवून वारा बघता आणि गुडघ्याला महानारायण तेल चोळून येता! वासावर अख्खा डबा वळून बघतो. बघितलं मी, पण म्हटलं येऊ देत बापडे, त्यांची तेवढीच करमणूक." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हे कोण तुमच्याबरोबर?" मी त्यांच्या हातची भजी पाच वर्षं खाल्ली होती. मी म्हणालो, "काकू, मी वरच्या मजल्यावरचा." त्या "हो का" म्हणाल्या. काका रस्त्यातच हसत होते आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. परतीच्या गाडीत काकू आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या आणि प्रत्येक स्टेशनला विचारत होत्या, आपलं आलं का.

ते पाठलागाचे शनिवार नंतर बंद झाले. काकूंनीच एकदा चप्पल घालून काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, बरोबरच जाऊ." काका मला म्हणाले, "मोसम संपला रे. संपला की तळ उठवायचा, कुरकुर करायची नाही." देवघरात उदबत्ती आता ते लावतात. राख तशीच पडून असते, पुरचुंडीत कोणी भरत नाही. संध्याकाळी दोघं बिशानच्या पार्कात नदीकाठच्या बाकावर बसतात. पाण्यात कधी पाणमांजरं दिसतात, त्यांना बघायला लोक कॅमेरे घेऊन जमतात, पण काकांचं तिकडे लक्ष नसतं. ते काकूंना रेड्याची गोष्ट सांगत असतात. जन्मभर त्यांनी श्रोत्यांसाठी पाणवठे गाठले आणि आता त्यांना अशी श्रोती मिळाली आहे, की जिला गोष्ट रोज नवी असते. "अगं बाई, मग?" काकू विचारतात. काकाही आता गरजत नाहीत. रेडा गवतात शिरला की थांबतात, आणि म्हणतात, "तूच सांग, कुठे असेल?" मग वाट बघत बसतात. काकू कधी सांगतात, बऱ्याचदा नाही सांगत. काका थांबतात, वाट बघणं त्यांना चांगलं येतं.

परवा ऑफिसमधून येताना मी पार्कातून आलो. बाकाच्या मागे पोचलो तेव्हा काकांचा तो प्रश्न नुकताच विचारून झाला होता, म्हणून मी जागच्या जागी थांबलो. बराच वेळ काकू नदीकडे बघत राहिल्या. मग हळूच मागे वळल्या, मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्याकडे बोट दाखवून काकांना म्हणाल्या, "हा काय, मागेच तर आहे."

काकांनी वळून पाहिलं आणि लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. मी तिथेच उभा राहिलो. कोणी रेडा म्हटलं म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.