जीभ आत

गरम पाण्यात मऊ केलेलं माउथगार्ड दातांवर दाबून बघत माझी लेक काहीतरी बोलली आणि मी हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिलो. ती ज्यूदो शिकते, इथेच महाळुंग्यात. "बाबा, यानं बोबडं बोलायला होतं," अशी तिची तक्रार होती. मला मात्र हुबेहूब तात्यांचा आवाज ऐकू आला.

तात्या म्हणजे मुळशीतल्या आमच्या तालमीचे वस्ताद. ते बोबडं बोलायचे आणि आम्ही पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. त्यात मी पहिला. डाव टाकताना माझी जीभ दातांमधून बाहेर यायची. "जीभ आत घे," तात्या रोज ओरडायचे. जत्रेतल्या कुस्तीच्या आदल्या दिवशीही ती बाहेर दिसली, तेव्हा त्यांनी माझी कुस्तीच रद्द केली.

ताक-तेल मुरलेल्या त्या आंबूस वासाच्या लाल मातीत मी रुसून बसलो. तात्या शेजारी येऊन टेकले.

"हितं बघ," म्हणत त्यांनी तोंड उघडलं. जिभेला शेंडाच नव्हता.

"कुस्तीत डोक्यावर आपटलो आन् माज्याच दातांनी तुटली. तुज्याच वयाचा व्हतो. मला सांगाया कोन नव्हतं."

त्यानंतर मी कधीच त्यांची नक्कल केली नाही. जत्रा हुकल्याचा राग मात्र बरीच वर्षं धरला. आता याच जिभेनं दिवसभर फोनवर बोलून पोट भरतो, तेव्हा तो राग आठवून लाज वाटते.

लेक माउथगार्ड काढायला लागली.

"राहू दे अजून थोडा वेळ," मी म्हणालो. "बोल काहीतरी."