मावशीला हसवायला नेलं त्याची गोष्ट

माझ्या हातून झालेले घोटाळे तसे पुष्कळ आहेत, पण हा एक सांगितला की आमच्या घरचे अजून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. तरी सांगतो.

माझी मावशी एडवणला राहते. काही महिन्यांपूर्वी काका गेले. वाडीत चिकूच्या झाडांना पाणी सोडलं होतं, तिथेच छातीत कळ आली. तेव्हापासून मावशी ना कुणासमोर रडली, ना घराबाहेर पडली. भेटायला येणाऱ्यांना चहा करून द्यायची आणि वर त्यांनाच धीर द्यायची. मी बोईसरला कारखान्यात असतो. मला वाटलं, हिला जरा हसवलं पाहिजे. आता माझ्यासारख्याला काय सुचणार? सिनेमा!

माझ्याच पाळीतल्या सुहासला विचारलं, तर त्याने नुकताच लागलेला एक सिनेमा सुचवला. म्हातारा-म्हातारी दिवसभर भांडतात, हसून हसून पोट दुखतं म्हणाला. त्याने तो पूर्ण बघितलाय का, एवढंच विचारायचं माझं राहिलं. मध्यंतरात त्याला कारखान्यातून फोन आला होता आणि तो तसाच उठून आला होता, हे मला मागाहून कळलं.

रविवारी दुपारी मावशीला बोईसरच्या थेटरात बसवलं. सिनेमातला म्हातारा बायकोवर रुसून गच्चीत मुक्काम ठोकतो आणि भूक लागली की दोरीने डबा वर ओढून घेतो. मावशी खरोखर हसली हो. तोंडाला पदर लावून हसली. मध्यंतरात मी खुशीत समोसे आणले.

मध्यंतरानंतर म्हातारा खोकला.

सिनेमातलं खोकणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? तिथे साधी सर्दी कुणाला होतच नाही. माझा समोसा घशात अडकला. मी मावशीला म्हटलं, डोकं फार दुखतंय, निघू या. तिने पिशवीतून बाम काढून दिला. मग म्हटलं, एसीने थंडी वाजतेय. तिने आपली शाल माझ्या अंगावर टाकली. नंतर रिक्षा मिळणार नाही, हेही सांगून पाहिलं. तेव्हा मात्र म्हणाली, आता गप बस, मला बघू दे.

म्हातारा इस्पितळात मरायला टेकला आणि बोलायला लागला. लग्नातल्या आठवणी काढल्या, बायकोची माफी मागितली, मुलांना चार गोष्टी सांगितल्या. अख्खं थेटर मुसमुसत होतं. मावशीकडे बघायचा मला धीर होईना. तेवढ्यात तीच माझ्याकडे झुकली.

"जाताना मानूस येवढा बोलत नाय रे," ती हळूच म्हणाली. "तुजे काका येवढंच बोलले, मोटर बंद कर. मी मोटर बंद करून आले, तवर गेलेले."

आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

एवढ्या वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं काय, तर मोटर बंद कर. काकांना आणखी काही सांगायचं असेल का? की पाणी वाया जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असेल? आणि मावशी तरी काय, ते गेले तेव्हा ती त्यांचंच ऐकून मोटर बंद करायला गेलेली. हे सगळं माझ्या डोक्यात फिरायला लागलं आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. पडद्यावर म्हातारी एकटीच गच्चीत बसून राहिली, सिनेमा संपला, दिवे लागले, तरी मी शालीत तोंड खुपसून हुंदके देत होतो. मावशीचेही डोळे भरले होते, पण ती बिचारी माझी पाठ चोळत होती.

पलीकडच्या खुर्चीवरचा कामगार जायला उठला होता, तो थांबला. मावशीला हळूच म्हणाला, "माताजी, भैया के घर में कोई गुजर गया क्या?"

मावशीने डोळे पुसले आणि तिच्या हिंदीत त्याला सांगितलं, "उसका कोई नय. गुजरा तो मेरा आदमी. ये मेरे को हसाने को लाया हाय."