हात पुढे करण्याची परवानगी

"आधी फोक तोडून आण, मग मला विनंती कर."

कोरेगावच्या आमच्या शाळेत इंग्रजीचे सर रोज एकदा तरी हे वाक्य म्हणत. मग मिसरूड फुटलेला एखादा गडी मुकाट्यानं उठायचा आणि शाळेमागच्या निरगुडीकडे चालू लागायचा.

मारके मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण यांची तऱ्हाच निराळी. पोरानं फोक स्वतः तोडायचा, पानं काढून साफ करायचा, सरांच्या हातात द्यायचा आणि वर अदबीनं इंग्रजीतून मार मागायचा. "काइंडली अलाऊ मी टू होल्ड आउट माय हँड, सर." म्हणजे, मला हात पुढे करण्याची कृपया परवानगी द्यावी. त्यातला 'टू' गाळला की एकाच्या जागी दोन फटके. मार खाऊन झाल्यावर "थँक यू, सर" म्हणायचं ते वेगळंच.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंतीपलीकडून आधी विनंती ऐकू यायची, मग सपकन आवाज, मग आभार. माझ्या हातातला खडू थांबायचा. मला त्या माणसाची मनस्वी चीड यायची. एकदा तोंडावर बोललो, "अहो, जनावरं आहेत का ती?"

"जनावरांना विनंती करावी लागत नाही, गणितवाले," ते म्हणाले. "यांना लागणार आहे. जन्मभर कुठल्या ना कुठल्या साहेबापुढे उभं राहायचंय यांना."

त्यांच्या उजव्या भुवईवर एक जुनी खोक होती. एकदा चहा पिताना मी विचारलं, तर म्हणाले, "ही आमची पदवी. लष्करात कारकून होतो. साहेबाला म्हणालो, आय वॉन्ट लीव्ह. मागायची रीत ठाऊक नव्हती. त्यानं टेबलावरचा काचेचा गोळा फेकून मारला. रजा गेली ती गेलीच."

"रजा कशाला हवी होती?"

"आई आजारी होती. भेट झाली नाही."

बशीतला चहा संपवून ते वर्गावर गेले. मला वाटलं, आज तरी मारणार नाहीत. कसलं काय! दोघांना बडवलंच.

सगळ्या गावाला ते वाक्य पाठ झालं होतं. विटीदांडूत डाव हरलेली पोरं "कायनली अलावमी टू" म्हणत हात पुढे करायची. हणमंत तर ते घरी म्हशीची धार काढताना घोकायचा. तो मॅट्रिकच्या वर्गातला, उंचापुरा, दोन चुलते फौजेत. यालाही फौजेतच जायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. रोज सकाळी शेताच्या बांधानं पळायचा. आबा, म्हणजे त्याचा बाप, पोराच्या तोंडात तूप जावं म्हणून स्वतः कोरडी भाकरी खायचे.

सातारला भरती होती. आदल्या दिवशी हणमंत वर्गात उभा राहिला. आनंदात होता, घाईत होता, घोकलेलं सगळं विसरला आणि म्हणाला, "सर, आय वॉन्ट लीव्ह."

सरांचा चेहराच फिरला, असं पोरांनी नंतर सांगितलं. फोक आणायला सांगितला नाही, विनंतीची वाट पाहिली नाही. टेबलावरचा लाकडी रूळ उचलला आणि सुटले. आरडाओरडा ऐकून मी धावलो तेव्हा हणमंत हात पोटाशी धरून खाली बसला होता आणि सर मारतच होते. "असं मागतात? असं मागतात?" मी मागून कवळ घालून त्यांना ओढलं.

पोरगं तसंच भरतीला गेलं. डॉक्टरनं मूठ वळायला सांगितली. उजव्या हाताचं पहिलं बोट वळेना. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट ते! दिलं हाकलून.

तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, आबा कुऱ्हाड घेऊन शाळेच्या आवारात आले. मागून हणमंत रडत येत होता.

"कुठं हाय त्यो मास्तर?"

"आबा, आवं ऐका तरी," मी आडवा गेलो.

"बाजूला व्हा गुर्जी, न्हाईतर तुमचंबी मुंडकं उडंल!" त्यांनी असा धक्का दिला की मी भिंतीवर जाऊन आदळलो.

सर बाहेर आले. पळतील, हात जोडतील, काहीतरी करतील असं मला वाटलं. ते शांतपणे दगडी पायरीशी बसले, उजवा पंजा दगडावर पसरला आणि म्हणाले, "काइंडली अलाऊ मी टू होल्ड आउट माय हँड, सर."

आबांना जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं.

"म्हाईत हाय मला," आबा म्हणाले. "पोरगं रोज घोकतंय. माजी म्हस बी ऐकती."

कुणी हसलं नाही. आबांनी कुऱ्हाड उलटी केली, पातं स्वतःकडे घेतलं आणि मागच्या बोथट तुंब्यानं घाव घातला. सरांच्याही त्याच पहिल्या बोटाचा चेंदा झाला. सर पांढरेफटक पडले. ओठ हलले, आवाज कसाबसा फुटला.

"थँक यू, सर."

आबांनी कुऱ्हाड टाकली आणि तिथंच बसकण मारली. "आता काय करू रं मी? ह्येनं पोरगं घेत्यात व्हय फौजंत?" ते लहान मुलासारखे रडत होते. मी माझं उपरणं फाडून सरांचा हात बांधला. फौजदारानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "दारात चेमटलं."

पुढे हात जरा बरा झाल्यावर ते हणमंतला घेऊन सांगलीला गेले. सोबत मी होतो. एका कारखान्याच्या साहेबापुढे सर उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत अशी विनंती केली, अशी विनंती केली की साहेब खुर्चीतून उठला. या मुलाचं बोट मी मोडलं आहे, त्याला उभं करायची मला संधी द्यावी, एवढंच त्यात होतं. हणमंत यंत्रावर लागला. परतताना एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. "फौज ती फौज, गणितवाले," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणावर हात उगारला नाही. पोरं सवयीनं फोक आणायची, वाक्य म्हणायची. ते म्हणायचे, "जा, बस खाली." त्या वर्षी निम्मा वर्ग इंग्रजीत आपटला. तरी मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तोवर तो माणूस मला आवडायला लागला होता.

पुढच्याच उन्हाळ्यात ते काविळीनं गेले. जवळचं कुणी नव्हतं. अंगणात तिरडी बांधून झाली, हणमंत सांगलीहून आला, आम्ही उचलणार एवढ्यात गर्दीतून आबा पुढे आले. कुणाकडे न पाहता तिरडीपाशी बसले. उजवा पंजा पालथा करून जमिनीवर ठेवला.

"कायनली अलावमी टू..."

पुढचं त्यांना आठवेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. हणमंत त्यांना उठवू लागला, पण आबा काही हात उचलेनात. मारणारा उठून परवानगी देईल, याची वाट बघत ते बसून राहिले.