कुंदाताईनं मोजलेलं आकाश

भावजींचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला शाळेत नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं दारातून नुसती खूण केली. सकाळी ताईच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं, एवढंच भावजी म्हणाले... वर्गात परतलो आणि हातातला खडू तसाच धरून खुर्चीवर बसून राहिलो. त्याला आता दीडएक महिना होईल.

कुंदाताई माझी थोरली बहीण. आमच्या गावी, शेणव्यात, भाताच्या खाचरात वाढलेली, लावणीला आईच्या बरोबरीनं वाकणारी. शहापूरच्या हायस्कुलात एसटीनं जायची, पुढे कल्याणला भौतिकशास्त्र शिकली आणि मुंबईत किरणोत्सर्ग मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. ‘बाय कसलासा उजेड मोजते,’ असं आमचे वडील गावात सांगायचे आणि ताईनं ते कधी दुरुस्त केलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तिच्याकडे एक नवं काम आलं. अवकाशातून पृथ्वीकडे सतत किरण येत असतात. उंच उडणाऱ्या विमानांत रोज काम करणाऱ्यांच्या अंगावर ते किती पडतात, हे मोजायचं होतं. तोवर ताई विमानात बसलेली नव्हती. तिचा पहिलाच प्रवास झाला तो मोजणीची यंत्रं शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधून. बाकीचे प्रवासी जेवून झोपले तरी ही आपली यंत्राकडे बघत बसलेली.

त्या सुट्टीत ती शेणव्याला आली आणि ओटीवर आईला सगळं समजावून सांगत होती. आईला कळेल असं सांगायची तिची हातोटीच होती. हवा म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अंगावरचं इरलं, पावसासारखे ते किरण अडवणारं, ती म्हणाली. जितकं वर जावं तितकं ते विरळ होत जातं, आणि उत्तरेकडच्या लांबच्या वाटेवर तर किरण आणखीच जास्त. एखाददुसऱ्या प्रवासानं कुणाचं काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं तिथेच नोकरी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आई तांदूळ निवडत ऐकत होती. हात थांबवून तिनं विचारलं, “मंग त्या चा देनाऱ्या पोरींना ह्ये म्हाईत हाय का गो?”

“नाय आये,” ताई म्हणाली. घरी आली की तिची भाषाही घरची व्हायची.

पुढची दोन-तीन वर्षं ती त्याच कामात होती. आखाती देश, युरोप, अमेरिका, जिथं पाठवतील तिथं यंत्रं घेऊन जायची. निष्कर्ष हाती आले तेव्हा तिच्या लक्षात आलं की लांबच्या मार्गांवरच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोगशाळेतल्या तिच्या बहुतेक सहकाऱ्यांपेक्षा जास्त किरण पडतात. पण प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या खिशाला मोजणीचा बिल्ला असतो, महिन्यामहिन्याला तो तपासला जातो. विमानातल्या मुलींना कुणी काही सांगितलेलंही नव्हतं. बैठकीत विमान कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं सुचवलं की अहवाल वरिष्ठांपुरताच ठेवावा, उगाच घबराट व्हायची. ताई आवाज चढवणारी नव्हती. ती एवढंच म्हणाली, “किरण त्यांच्या अंगावर पडतात. आधी त्यांना कळलं पाहिजे.”

त्यानंतर तिचं विमानात जाणं बंद झालं. कारण कुणी सांगितलं नाही. त्या गणपतीत ती घरी आली तेव्हा मोदक वळताना नेहमीसारखी बोलत नव्हती. सोडून दे आता, असं मी म्हणालो, तर ती हसली आणि उकड मळत राहिली. मुंबईला परतल्यावर तिनं प्रत्येक मार्गाचं मोजमाप पुन्हा तपासलं, एकही आकडा वाढवला नाही की कमी केला नाही, आणि तेच कागद पुन्हा पुढे ठेवले. शेवटी तिचे साहेब तिच्या बाजूनं उभे राहिले आणि कर्मचाऱ्यांची सभा झाली.

त्या सभेत काय झालं ते आम्हांला ताईच्या बाराव्याला कळलं. मुंबईहून रेखा नावाच्या एक बाई शेणव्याला आल्या, पूर्वी हवाई सुंदरी होत्या. सभा झाली तेव्हा त्यांना दिवस गेले होते आणि त्यांनी ते नोकरीच्या भीतीनं लपवलं होतं. सभा संपल्यावर त्या ताईला कोपऱ्यात भेटल्या. ताईनं त्यांचे मार्ग विचारले, कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि म्हणाली, “आतापर्यंत काही बिघडलेलं नाही. पण आता जमिनीवरचं काम मागून घे. मी येते सोबत.” आणि ती खरंच त्यांच्यासोबत कंपनीत गेली. पुढे कंपनीनं नियमच केला की दिवस गेल्याचं कळवलं की लगेच जमिनीवर बदली, पगार तोच. रेखाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांची मुलगी शेजारीच बसली होती, चांगली उंच झालेली. आमची आई बराच वेळ त्या मुलीचा हात हातात धरून होती.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, बोटाएवढी एक नळी आहे. ताईनंच दिली होती. आत घट्ट जेली, आणि किरणांतला एखादा कण त्यात आदळला की तिथं बुडबुडा उमटून अडकून राहतो. आता जेली पिवळी पडली आहे, बुडबुडे फुगले आहेत. परवा एका मुलीनं ती उजेडात धरून विचारलं, “सर, ह्ये कुठनं आनलं?” विमानातून, मी म्हणालो, माझ्या बहिणीनं. मग सगळा वर्गच कपाटाभोवती जमला... आणि त्या तासाला धडा काही पुढे सरकला नाही.