झबलं

समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण पॅलेस्टाइनची. तिची लेक तिकडेच, परक्या सैन्याच्या ताब्यातल्या गावात सासरी. तिला आठवा महिना लागला होता. एक नातेवाईक बाई तिकडे निघाली होती, म्हणून मैत्रीण मला घेऊन इथल्या बाब अल बहरीनच्या बाजारात बाळाचे कपडे घ्यायला गेली. तिने इवलंसं पांढरं झबलं उचललं. मी ते तिच्या हातातून काढून परत ठेवलं.

“बाळ जन्मायच्या आधी काही घ्यायचं नसतं. आमच्यात अपशकुन मानतात,” मी ठासून सांगितलं. मला तोंड आवरत नाही.

“बरं, नंतर घेऊ, इंशाल्ला,” ती हसून म्हणाली. नातेवाईक बाई रिकाम्या हातांनी गेली.

पुढच्याच आठवड्यात सैन्याने तिकडचे रस्ते बंद केले. नातू घरातच जन्मला. फोटोत तो बापाच्या शर्टात गुंडाळलेला होता. मैत्रिणीने त्याच दिवशी जाऊन ते झबलं आणलं, पण घेऊन जाणारं कुणी मिळालं नाही. आता तो चालायला लागलाय. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात पुण्यात माझ्या मुलीला सातवा लागला. मी तिकीट काढल्याचं कळलं तशी मैत्रीण ते झबलं घेऊन दारात आली.

“तू तरी जाऊ शकतेस,” ती म्हणाली.

बाळ अजून जन्मायचं होतं. मी झबलं घेतलं आणि बॅगेत सगळ्यात आधी तेच ठेवलं.