ढालीचा हात

त्या दिवशी सकाळी तिच्या हातातला कप बशीत खडखडला आणि तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

कप खडखडला म्हणून कुणाच्या घरावर आभाळ कोसळत नाही. पण तिच्या घरात या आवाजाला इतिहास होता. तिचे बाबा घड्याळजी होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि केसाएवढा स्क्रू जिथल्या तिथे. मग त्यांचा कप बशीत खडखडायला लागला, तेव्हा त्यांनी बशी वापरणंच सोडून दिलं. पुढे उजवा हात खिशात राहू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, बाबांनी ती गिऱ्हाइकं पांगेपर्यंत झाकून ठेवली. शेवटी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "इतके दिवस होतात कुठे?" आता बाबा खिडकीपाशी रेडिओ ऐकत बसतात आणि त्यांचा हात गुडघ्यावर आपल्या मनाने हलत असतो. जेवताना ती हल्ली त्यांच्या समोर बसत नसे, बाजूला बसे. ते हात बघवत नसत, कारण आकाराने ते हुबेहूब तिच्याच हातांसारखे होते.

तिनं कप नुसताच ओठाला लावला, बशी धुऊन उपडी घातली आणि कामावर गेली.

काम काय, तर गेम खेळायचा. हे ऐकून नातेवाईक वर्षानुवर्षं हसत आलेत. "मजा आहे बाई तुझी!" म्हणणाऱ्या प्रत्येक मामीला एकदा त्या खोलीत कोंडलं पाहिजे. पडदे ओढलेले, खुर्च्यांच्या गाद्या फाटलेल्या, आणि एकच भिंत मुसक्यानं पुन्हा पुन्हा चढायची, का, तर कुठे तो भिंतीत अडकतो का ते बघायला. मुसक्या म्हणजे गेममधला निन्जा. तोंड फडक्यानं बांधलेलं, म्हणून खोलीनं त्याला दिलेलं हे नाव. जुना गेम भलताच कठीण होता आणि त्या कठीणपणावरच गाजला. आता तोच नव्या यंत्रांसाठी घासूनपुसून पुन्हा बाजारात यायचा होता. चित्रं अधिक रेखीव, हालचाल लोण्यासारखी, बाकी सगळं जुन्यासारखंच. निदान जाहिरातीत तसं लिहिलं होतं.

खोलीत तिला सगळे ढाल म्हणत. जुना गेम तपासताना शेवटच्या पुलावरची भालेवाली म्हातारी तिनं एकही वार अंगाला लागू न देता हरवली होती. त्या खोलीचा नियमच होता की आपल्यापैकी कुणीतरी हातानं, न लागता, पार केल्याशिवाय तो टप्पा पास नाही. आणि दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पहिल्यापेक्षा कडक होता. "कठीण आहे" अशी तक्रार करायची नाही. मुसक्या भिंतीत अडकला तर गेमची चूक. मुसक्या मेला तर तुझी. असली तक्रार घेऊन कुणी गेलंच तर खोलीचा प्रमुख, ज्याला सगळे मुकादम म्हणत, खुर्ची न वळवताच विचारी, "अंगण वाकडं आहे का?" आणि नाचता न येणारा मुकाट्यानं जागेवर परत जाई.

आणि आता ढाल मरत होती.

म्हातारीचे दोन वार ती अडवी. तिसरा भाला वरून यायचा. तिचं बोट बटणावर पडायचं, पूर्वी पडायचं तसंच, आणि तरी भाला मुसक्याच्या छातीत. पुन्हा. पुन्हा तेच. सुरुवातीला तिला वाटलं, सवय मोडली असेल. मग एक दिवस बोटं टेबलावर सरळ ठेवून ती बघत बसली. करंगळी हलतेय का? हलत नव्हती. की हलत होती? मन चिंती ते वैरी न चिंती. घरी तो कप खडखडला तेव्हा तिची खात्रीच पटली.

भीतीनं माणूस किती हुशार होतो बघा. आता ती पूल सोडून बाकीचे टप्पे तपासू लागली. कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरू लागली, वर "गार आहे खोली" म्हणून सांगू लागली. आणि एका दुपारी ढालीच्या लक्षात आलं की जिना उतरताना आपला उजवा हात खिशात आहे. तिनं तो विस्तवाला लागल्यासारखा बाहेर काढला. कठडा धरून ती तिथेच उभी राहिली. बाबांना सगळ्यात आधी काय जमेनासं झालं होतं, ते ती आठवत होती. सदऱ्याची बटणं.

त्याच संध्याकाळी मुकादम तिच्या टेबलाशी आला. "ढाल, गेम जाहीर करायचाय त्या कार्यक्रमात पूल तू खेळायचास. मंचावर, सगळ्यांसमोर. जुनी ढाल, नवा गेम. वरचे लोक जाम खूश आहेत."

"दुसरं कुणी नाही का?"

"दुसरी ढाल कुठून आणू?" मुकादम हसला आणि गेला. तिला त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नको. मोठ्या पडद्यावर मुसक्या मरतोय, आणि त्याच्या खाली तिचा हात सगळ्यांना दिसतोय. नोकरी जाईल हे खरंच, तिचं पोट तर अक्षरशः हातावर होतं. पण नोकरीपेक्षा भय त्या डॉक्टरांच्या प्रश्नाचं होतं. लोकांनी पाहिलं की ते खरं होणार. तोवर ते तिच्या एकटीचं होतं.

कार्यक्रम तोंडावर आला, तेव्हा एकदा ती कॉफी घ्यायला गेली. कॉफीच्या यंत्रापाशी चष्मिस उभा होता, खोलीतला सगळ्यात तरणा आणि सगळ्यात बडबड्या तपासनीस. आज तो गप्प होता आणि त्याची दहाही बोटं गरम पाण्याच्या भांड्यात बुडवलेली होती.

"काय रे, भाजलं का?"

तो दचकला. "नाही ताई. कुणाला सांगू नका." मग हळूच म्हणाला, "मला संधिवात झालाय बहुतेक."

"या वयात?"

"माझ्या आजीला आहे. म्हातारीचा तिसरा भाला मला अडवताच येत नाही. आधी जुन्या गेमवर डोळे मिटून अडवायचो. बोटं आखडलीत. मुकादमला कळलं तर संपलंच."

ढालीच्या हातातला मग टेबलावर गेला. दोन माणसं, दोन वेगळे रोग, आणि भाला मात्र एकच? एखाद्याला वाटेल, आता ती नाचतच मुकादमकडे गेली असेल. छे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिला वाटलं, चष्मिस कच्चाच असेल. त्याच्यावर विसंबून आपण तोंड उघडायचं, आणि बाकीच्यांनी पूल लीलया पार करून दाखवायचा. मग? झाकलेली मूठ आपणच उघडली, असं होईल.

दुपारच्या बैठकीत मुकादम एकेका टप्प्याचं विचारत होता. पूल आला. "पुलाचं काय? पासच ना?"

सगळे आपापल्या वहीत बघू लागले. टेबलाखाली ढालीनं उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. आणि मग, का कोण जाणे, तिनं दोन्ही हात वर टेबलावर ठेवले.

"मला जमत नाही," ती म्हणाली. "तिसरा वार. एकदाही अडवता आलेला नाही."

मुकादमची खुर्ची वळली. अंगणाचं तो काही बोलला नाही.

"मलापण नाही," चष्मिस म्हणाला. मग कोपऱ्यातला एक. मग आणखी एक, ज्यानं म्हणे डोळ्यांचा नंबर बदलून घेतला होता. सरतेशेवटी मुकादमनं स्वतः खाली बघत सांगितलं, "मी गुपचूप खेळून बघितलं होतं. म्हटलं, वय झालं."

खालच्या मजल्यावरून प्रोग्रॅमर वर आली. थोडा वेळ पडद्यात बघत राहिली, मग कपाळावर हात मारून घेतला. गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. वरून येणारा तिसरा भाला अडवायला मिळणारा वेळ जुन्या लोकांनी घड्याळात नाही, चित्रांच्या संख्येत मोजला होता. नवं यंत्र तेवढ्याच वेळात दुप्पट चित्रं काढत होतं. बाकी सगळे हिशेब बदलले, हा एक राहून गेला. म्हणजे ढालीला पूर्वीच्या निम्माच वेळ मिळत होता. या खेपेला अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि बिचारे सगळे आपापल्या पायांना दोष देत बसले होते.

दुरुस्ती झाली. ढाल बसली. पहिला वार, दुसरा, आणि तिसरा भाला खणकन मागे गेला. म्हातारी पुलावरून कोसळली तशी खोली हसायला लागली. चष्मिसनं गरम पाण्याचं भांडं डोक्यावर घेऊन नाचून दाखवलं. ढालही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुटले, ती मनात म्हणत होती, सुटले बाई.

घरी येऊन तिनं चहा ठेवला. आज बशी काढली, मुद्दाम. दोन कप घेऊन ती खिडकीकडे निघाली, आणि वाटेतच तो आवाज आला. बारीक, न थांबणारा.

ती जागीच थिजली. गेम दुरुस्त झाला होता. कप झाला नव्हता.

बाबांनी रेडिओ बंद केला. हा आवाज त्यांच्याइतका कुणाला ओळखीचा असणार? तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "माझ्या वेळी मला वाटलं होतं, हल्ली घड्याळंच बारीक करायला लागलेत."

हात मागे घ्यावा, काहीतरी बोलावं, खोली गार आहे म्हणावं, असं तिला वाटलं. ते शब्द जिभेवर तयारच होते. तिनं कप टेबलावर ठेवले आणि कितीतरी दिवसांनी बाबांच्या समोरची खुर्ची ओढली.

"बाबा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "माझा हात बघता का?"

तिनं हात पुढे केला. बाबांनी तो आपल्या थरथरत्या हातांत घेतला, तेव्हा कुणाचा हात किती हलतोय ते दोघांनाही कळेना.

"काय आहे ते डॉक्टर सांगतील," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी जाऊ. मी येतो बरोबर."