मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं

माझ्या बायकोच्या पाठीला कधीच काही झालेलं नव्हतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. तोंडानं बोलायला मला बरीच वर्षं लागली, आणि बोललो तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हातात दहाचा पाना धरून, बाईकच्या मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधलेलं असताना.

मी चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी मी कमी बोलतो. लोकांना वाटतं, शांत माणूस आहे. कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो, त्याच्या खोट्यावर कुणी शंका घेत नाही.

लांबच्या प्रवासाची दणकट बाईक घेतली तेव्हा पहिल्याच ट्रिपच्या आधी कंपनीतल्या मित्रांनी विचारलं, वहिनी येणार का? त्याच आठवड्यात गॅसची टाकी सरकवताना तिची पाठ भरली होती. मी म्हणालो, "नाही, तिच्या पाठीचं दुखणं आहे." ती चार-आठ दिवसांत ठणठणीत झाली. माझं वाक्य मात्र मी बरं होऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. जालन्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं, तशी ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मलमाच्या बाटल्या पाठवू लागली. खुद्द बायकोलाही मी सांगत राहिलो, "डबलसीट लांबचं नको तुला, पाठ धरेल." हळूहळू तिलाच ते खरं वाटायला लागलं. उन्हाळ्यात गच्चीवर सगळ्या बायका कुरडया घालायला मांडी घालून बसायच्या आणि ही कठड्याजवळ खुर्ची घेऊन. "नको बाई, माझी पाठ," असं ती कुणाला तरी म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून खाली निघून आलो.

कशासाठी, तर मला एकट्याला जायला आवडायचं म्हणून. ती काही कटकट करणारी बाई नाही. पण हेल्मेट चढवलं की दिवसभर कुणी काही विचारत नाही, याची मला चटक लागली होती. "मला एकट्याला जायचंय," एवढं सरळ म्हटलं असतं तर ती बहुतेक "जा की" म्हणाली असती. आता तेच जास्त टोचतं.

यंदा मुलगी नोकरीला पुण्याला गेली. घर रिकामं झालं. यंदाची माझी ट्रिप कर्नाटकात बदामीची ठरली होती. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "या खेपेला बदामीला मी येते. पाठीला पट्टा बांधीन." दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या मेडिकलमधून तिनं खरंच कमरेचा पट्टा आणला, आणि मापाचा आहे का म्हणून गाऊनवरून बांधून दाखवला. मी टीव्हीकडे बघत म्हणालो, "बघू. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. डबलसीट असलं की उजेड जास्त लागतो. आधी जादाचे लाईट बसवू दे."

खरं सांगायचं तर मागवलेले लाईट यायला उशीर होईल अशी माझी अपेक्षा होती. ते वेळेआधी आले.

रविवारी सकाळी बाईक पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून लावली आणि कामाला बसलो. गॅरेजवाला तासाभरात करून देतो, पण मला हे घरीच करायचं असतं. सीट काढली, बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवली, टाकी उचलून तिच्या खालून वायर पुढं ओढली. बायको मोबाईलचा टॉर्च धरून शेजारी उकिडवी बसली. अर्धा तास बसली असेल. उठताना पाठीला हातही लावला नाही तिनं. मी बघितलं आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं.

"ही डबी कशाची?" तिनं विचारलं.

"रिले. स्विच नुसता हुकूम देतो, करंट यातून जातो. नाहीतर स्विच जळतो."

"म्हणजे तुमच्या साहेबासारखं."

तळमजल्यावरचे काका, रिटायर झाल्यापासून पार्किंगचे मालक असल्यासारखे वावरतात, ते लुंगी सावरत आले. "क्या भाई, स्टेडियम खोल रै क्या?"

"फॉग लाईट लगा रा हूं काका."

"अपने यहां फॉग कब गिरी, भाई?"

बायको इतकी हसली की टॉर्च हलला आणि मी केबल टाय भलत्याच ठिकाणी आवळला. तो कापून पुन्हा बांधला. पण ते काम मला आवडत होतं, हे मान्य केलं पाहिजे. क्रॅशगार्डवर दोन्ही दिवे घट्ट बसले, वायर कुठं लोंबत नव्हती, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं तर कुठं ताण येत नव्हता. निगेटिव्ह जोडली, चावी फिरवली, बटण दाबलं. भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले आणि आम्ही दोघंही लहान पोरांसारखं "अरे वा" म्हणालो.

आता दिव्यांची उंची लावायची होती. गोल जिथवर पडायला हवेत तिथं भिंतीवर खडूनं खूण केली. त्यासाठी बाईकवर नेहमीचं ओझं हवं असतं. मागं माणूस बसला की मागची बाजू दबते, पुढचं तोंड वर होतं आणि उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बायको चहा टाकायला वर गेली होती. तिला हाक मारणं हा सरळ उपाय होता. मी काय केलं, तर गावाकडून भावानं पाठवलेलं वर्षाच्या ज्वारीचं एक पोतं जिन्याखाली ठेवलं होतं, ते ओढत आणलं, कसंबसं मागच्या सीटवर चढवलं आणि दोरीनं आवळलं. तिला बसवलं असतं तर ती येणार हे पक्कं झालं असतं. पोत्याला कुठं जायचं नव्हतं.

ती चहा घेऊन खाली आली आणि बघतच राहिली.

"हे काय?"

"मागं वजन लागतं. त्याशिवाय लाईट बरोबर लागत नाही."

"म्हणून माझ्या जागी पोतं?"

"हां, म्हणजे..."

"मी काय मेले का?"

"तसं नाही. तुझी पाठ..."

"अहो, बदामीपर्यंत बसायचं म्हणतेय मी, आणि भिंतीसमोर दहा मिनिटं बसले तर मोडंल का पाठ? थांबा, पट्टा बांधून येते."

ती वळली. पट्टा आणायला निघालेली तिची पाठ माझ्यासमोर होती, सरळ, चांगली धडधाकट. मला ते सोसवलं नाही.

"पट्टा नको," मी म्हणालो.

"का?"

"तुझ्या पाठीला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. तेव्हा जी भरली होती तेवढीच. बाकी सगळं मी सांगत होतो. मला एकट्याला जायचं असायचं."

तिनं चहाचे कप कठड्यावर ठेवले. "वन्संचं मलम?"

"तेही."

"आणि गच्चीवर मी खुर्चीत बसायची ते?"

मी मान हलवली. ती लिफ्टकडं न जाता जिन्यानं वर गेली, भराभरा.

मी तिथंच उभा. पोत्याची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती, ज्वारीची बारीक धार फरशीवर पडत होती, आणि कुठून कुठून कबुतरं जमा झाली. चहावर साय धरली. काका दारातून म्हणाले, "भाभी नाराज हो गै क्या? लाईट तो मस्त जल रै." मी म्हणालो, "लाईट का कुछ नै काका." मनात म्हटलं, ही आता माहेरी फोन लावेल, मुलीला सांगेल, आणि बदामी तर सोडाच. आणि विचित्र म्हणजे, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. जे व्हायचं ते आता खऱ्यावर होणार होतं.

ती परत आली तेव्हा अंगात सलवार-कमीज होता, पायात बूट आणि काखेत मुलीचं हेल्मेट. दुसऱ्या हातात तो पट्टा.

"उतरवा याला," पोत्याकडं बोट दाखवून ती म्हणाली. मी वाकलो आणि कमरेतून अशी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. सकाळपासून वाकून वाकून माझीच पाठ धरली होती.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पट्टा माझ्या हातात दिला. "घ्या. आणलाय तर कुणाच्या तरी कामाला येऊ द्या."

मी तो बांधला. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

ती बसायला गेली तर मागचे पायठेवणे उघडेनात. इतकी वर्षं कुणी पाय ठेवलाच नव्हता त्यांच्यावर, गंजून बसले होते. तेल सोडून, पान्यानं ठोकून ते उघडावे लागले. ती बाजूला उभी राहून सगळं बघत होती.  मग मी पुढं बसलो, ती मागं. बाईक खाली दबली आणि भिंतीवरचे दोन्ही गोल खडूच्या खुणेवरून उठून थेट काकांच्या खिडकीत शिरले.

"भाई! टीव्ही नै दिख रा!" आतून आवाज आला.

"बघा," ती मागून म्हणाली, "पोत्यापरीस जड आहे मी. पोत्यावर लावून गेला असता तर रस्त्यानं लोकांनी शिव्या घातल्या असत्या."

ते खरं होतं. मागची स्प्रिंग कडक करायचा एक गोल खटका या बाईकला असतो, त्याच्यावर चित्रं असतात: एक हेल्मेट, हेल्मेट आणि बॅग, दोन हेल्मेट. माझा खटका बाईक घेतल्यापासून बॅगेवर होता. उतरून तो दोन हेल्मेटवर फिरवला, पुन्हा बसलो. आम्ही दोघं बसलेले, म्हणून दिव्याचे नट काकांनाच सैल करायला लावले. ते गुडघ्यावर बसून दिवा हलवत होते आणि मागून ती हुकूम सोडत होती, "और नीचे काका, और थोडा, बस बस, आता डावा."

संध्याकाळी पैठण रोडनं चितेगावपर्यंत बघून येऊ म्हणालो. ती लगेच तयार झाली. अंधार पडता पडता शहर मागं राहिलं आणि मी बटण दाबलं. रस्त्याच्या कडेचे बाभळीचे बुंधे, दगड, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. समोरून आलेल्या ट्रकनं डिपर मारला. तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली, "वर आहे अजून." थांबून डावा दिवा केसभर खाली केला.

पुढं चितेगावच्या अलीकडं चहाच्या टपरीवर थांबलो. तिनं स्वतःचा फोन टेबलावर ठेवला.

"लावा वन्संना. स्पीकरवर. तुम्हीच सांगायचं."

"आत्ता?"

"व्हय, आत्ता. तुम्ही पसरवलंय, तुम्हीच गोळा करा."

मी जालन्याला फोन लावला. ताईनं उचलल्या उचलल्या विचारलं, "पाठ कशी आहे गं?"

"ताई, मी बोलतोय," मी म्हणालो. "तिची पाठ चांगली आहे. नेहमीच चांगली होती. मला ट्रिपला एकट्याला जायचं असायचं म्हणून मी खोटं सांगायचो."

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला. टपरीवाला हातातली गाळणी धरून उभा राहिला होता.

"आणि ते मलम कुणाला लावलं रे एवढं?"

"माझ्या गुडघ्याला, वन्सं," बायको म्हणाली. "लई गुण आला."

ताई हसली, मग तिनं मला ज्या शिव्या घातल्या त्या आमच्या गावच्या आहेत, इथं लिहीत नाही. फोन ठेवल्यावर बायको कप खाली ठेवून म्हणाली, "दरवर्षी नाही यायची मी. मलाही घरात चार दिवस एकटीला बरं वाटतं. तुम्ही जात जा. पण जायचंय म्हणून जा."

"बरं," मी म्हणालो. 

परतताना उसाची एक ट्रॉली पुढं चालली होती, मागं ना दिवा ना लाल कापड. आमच्या उजेडात ती लांबूनच दिसली. "हळू," ती म्हणाली, तोवर मी वेग कमी केलाच होता. तिचा हात माझ्या कमरेच्या पट्ट्यावर होता. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. शहर येईपर्यंत कुणीही डिपर मारला नाही.